पंधरवड्यातली दुरुस्ती

पितृपंधरवड्यात बडोद्यात कुणी नवं घेत नाही,
म्हणून जुनं दुरुस्त होतं.
दांडिया बाजारामागे हसमुखभाईंच्या दुकानात
अ‍ॅम्प पालथे पडलेत, पोटं उघडी,
डाखेचा धूर ट्यूबलाइटपर्यंत गेलाय,
आणि स्टुलांवर आम्ही तिघं,
गरब्याच्या नऊ रात्री ज्यांच्या बोटांवर चालतात
आणि पोस्टरवर ज्यांचं नाव ‘व साथी’ असं असतं.

प्रभंजन शिर्के म्हणतो, पंधरा इंची स्पीकरला तोड नाही.
फिरोज म्हणतो, दहाचे चार लाव, मग बोल.
हा वाद एकोणीस वर्षांचा आहे.
दरवर्षी माळ्यावरून काढतो, पुसतो,
सेव-उसळ संपेपर्यंत वापरतो, परत वर ठेवतो.
मी मधे पडत नाही.
माझ्या अ‍ॅम्पच्या एका बटणाखाली काडेपेटीचा पुठ्ठा आहे,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात ती दारात येऊन थांबली.
तेजल मोहिते, प्रतापनगर, बी.कॉम.चं दुसरं वर्ष.
‘बेस शिकायचाय. पण आई म्हणते
पंधरवडा संपेपर्यंत विकत काही आणायचं नाही.
नुसतं विचारायला आलेय,
चार तारांचा घेऊ की पाच?’

बाई गं, असं विचारतात का उघड्यावर!
फिरोज उठून उभा राहिला, शिर्क्याने वाटी खाली ठेवली.
पाचवी असली की घराला तळघर मिळतं, एक म्हणाला.
चार खोल्या झाडून होत नाहीत लोकांच्या, दुसरा.

मग जो तो तिच्या पदरात काही ना काही घालू लागला.
तारा मेल्या तर फेकू नकोस, उकळ.
दहा मिनिटं, पण आईच्या चहाच्या पातेल्यात नको
(शिर्क्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता).
फोड आला तर फोडायचा नाही, त्याला पिकू दे.
ढोलवाल्याच्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे बघ.
गाणारा मागे वळून ‘जरा हळू’ म्हणाला
तर मान हलव, आणि होतं तसंच वाजव.

‘आणि लोक?’

लोक गोल फिरत असतात.
आपल्याकडे त्यांची पाठ असते, नाहीतर खांदा.
दहा हजारांत एकानेही तुला पाहिलं नाही
तरी टाच खाली येते ती तू सांगशील तिथेच.
हे फिरोज बोलला,
जो एरवी किमतींपलीकडे बोलत नाही.

विकत नको ना? मग उसनं ने.
उसन्याला पितर काही म्हणत नाहीत.
मी केबल दिली, सहा मीटर, एका टोकाला जरा वाकडी.
शिर्क्याने दुसरा बेस दिला,
मुलीने चिकटवलेला मोर त्यावरून निम्मा निघालेला.
हसमुखभाईंनी अनामत न घेता छोटा अ‍ॅम्प:
‘तापला की उदबत्तीसारखा वास येईल.
घाबरायचं नाही, आत धूळ आहे.’

राहिला पट्टा.

खिळ्यावर एक होता. झेवियर मास्तरांचा, चामड्याचा.
चार वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता.
ई कुठे असते ते आम्हा तिघांना त्यांनीच दाखवलं,
बोट धरून नाही, बोटावर पट्टी मारून.
मास्तर सहा फूट दोन इंच.
त्यांच्या पट्ट्यात बेस तेजलच्या गुडघ्यांशी जाऊन टेकला.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो, तीसुद्धा.

हसमुखभाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
सोल्डरची कांडी तापलेलीच होती,
टोक चामड्यावर टेकवलं.
चर्र.
जुन्या भोकांच्या बरंच वर, एक नवं.

तो वास बराच वेळ गेला नाही.
तिने सगळ्यांत जाड तार मोकळीच छेडली,
कपाटावरचा स्क्रूंचा डबा थरथरला,
समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून डोकं बाहेर काढलं,
आणि शिर्के म्हणाला,
बघ, पंधरा इंची असता तर