किलोच्या भावानं

जालन्यात, जुन्या मोंढ्यामागं, इलियासभाईच्या भंगारात
सिनेमे किलोवर मिळतात.
बंद पडलेल्या लायब्रऱ्यांच्या सीड्या, पोत्यात.
चाळीस रुपये किलो, वर मूठभर फुकट.

"काय हुडकायलाव मास्तर, दोन वर्षं झाली?"
सांगता आलं असतं तर हुडकलं नसतं.

रात्री टीव्हीपुढं बसतो.
भूत निघतं, त्याचं हसू येतं.
नायक पन्नाशीचा, कॉलेजात.
कुठं आवाज आधी, ओठ नंतर.
एकीत तर कुणाचं तरी बारसं निघालं, गंगाखेडचं.
तेच जरा बरं होतं.

मग परवा, नाव खरवडलेली एक.
तार घेऊन पोस्टमन दारात उभा.
आत म्हातारा जेवतोय.
पोस्टमन तार खिशात घालतो,
पायरीवर बसतो,
म्हाताऱ्यानं ताट धुऊन पालथं घालेस्तोवर
कुत्र्याशी बोलत राहतो.
पाऊण मिनिट.
पुढं पुन्हा मारामारी, आणि एक जीप उडाली.

मागं नेऊन नेऊन सहादा बघितलं.
लाइट गेली तेव्हा थांबलो.

बाकीच्या सीड्या मेहुणा नेतो परतूरला,
ज्वारीत दोरीला बांधतो.
हुरड्यावरची पाखरं उठतात त्या चमकीनं.
काल गेलो होतो. उन्हात सगळ्या गरगर फिरत होत्या,
एकीचंही नाव वाचता येईना.
ह्यातल्या कितीक
मी पंधराव्या मिनिटालाच काढल्या होत्या.

मेहुणा मोटार बघायला गेला तेवढ्यात
बांधावरची एक सोडली.
लई ओरखडे पडलेत.
सदऱ्याला पुसली.