सत्तर टक्के

वैशाखात सावद्याच्या गच्च्यांवर
बायका ओलं असेल ते सगळं उन्हाला देतात:
कुरडया, बिबड्या, चिकवड्या, धुतलेल्या गोधड्या.
शेहेचाळीस डिग्री.
त्याच महिन्यात मी घरातलं एक कपाट
ओलं ठेवायला काढलं.

साडेचार बाय सहा,
झोपायची खोली आणि मोरीच्या मधलं,
दार लावून माणूस आत उभा राहील एवढं.
आत इंदूची पातळं, होल्डॉल, दोन बंद पडलेले मिक्सर.
"माह्या पातळांची जागा आता विड्यांले?"
विड्या नाहीत, सिगार, म्हणालो.
"जळल्यावर राखच ना?"
आणि तिनेच पातळं उचलली.

एकवीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत गेली.
बंदर आलं की एक डबा घ्यायचो, ओढायचो थोडेच.
घरी परतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात
एक सिगार बोटांत दाबून बघितला,
पापडासारखा मोडला.
पुढे बायपास. डॉक्टर बोरोल्यांनी तर
तंबाखू बंद, असं कागदावर लिहून खाली रेघ मारली.
मग जपायचे कुणासाठी?
हे युनूस मिस्त्रीनेही विचारलं.
मी त्याला फळ्यांचं माप सांगितलं.

तो यावलच्या वखारीतून तूण घेऊन आला.
"साग नको साहेब, साग आपलाच वास पुढे करतो.
तुम्ही म्हणता ते लाकूड परदेशी,
ही त्याची इकडे दिलेली बहीण."
पॉलिश नाही, रंग नाही. रंधा फिरला
आणि मोरीपर्यंत गोडसर, तिखट वास गेला.

हेमराज फेगडे केळी पिकवायच्या चेंबरवर असतो.
त्याने दाराला रबर दिलं, जुना कॉम्प्रेसर दिला,
आणि पेटती उदबत्ती फटीफटीवरून फिरवत
धूर कुठे ओढला जातो ते बघत बसला, तासभर.
"केळीले नव्वद लागते काका,
तुमचं सत्तरवर भागते."

काटा खरा की खोटा, ते मीठ सांगतं.
झाकणात चमचाभर मीठ, दोन थेंब पाणी,
काट्यासोबत डब्यात बंद, रात्रभर.
पंचाहत्तर दिसायला हवं. दिसलं एकाहत्तर.
"चारच टक्के खोटं बोलतो," इंदू म्हणाली,
"तुमच्यापेक्षा बरा."

भोक तिलाच सापडलं.
तिसऱ्या फळीवरच्या सिगारला, टाचणीच्या टोकाएवढं.
मी चष्मा शोधत होतो, तोवर तिने ते
गव्हाच्या दाण्यासारखं तळहातावर ठोकलं.
"किडा. कॉम्प्रेसर दोन दिवस बंद होता नं?"
मग बारा डबे पिशव्यांत बांधून
फ्रीजरमध्ये, मटाराशेजारी, चार दिवस.
नातवाची कुल्फी शेजारच्या भारंब्यांकडे गेली,
ती परत आली नाही.

आता दुपारी ती निवडायची डाळ घेऊन
तिथेच स्टुलावर बसते. म्हणते, टाचा उलत नाहीत.
विड्याची पानंही खालच्या फळीवर आली.
काल तिचं एक पातळ आत टांगलेलं दिसलं.
मी काही बोललो नाही.

रात्री लाईट गेली.
इन्व्हर्टर आधीच ओरडत होता.
काटा सदुसष्ट, सहासष्ट.
दार उघडू नका, म्हणत तीच आत आली,
हातात पिळलेला पंचा,
आणि दार ओढून घेतलं.
अंधारात आम्ही दोघं, खांद्याला खांदा,
पंचा दोन टोकांनी धरून.
लाकूड, तंबाखू, ओलं कापड, नागवेल.

"समुद्राचा वास असाच येते का?"
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिने.

डिझेल, म्हणणार होतो.
डिझेल, गंज आणि एकवीस माणसांचा घाम.

असाच, म्हणालो.

"चार टक्के," ती म्हणाली,
आणि पंचा तिच्या बाजूने थोडा वर उचलला.