मधोमध

तिसऱ्यांदा तारीख ढकलली
तेव्हा हॉलवाल्या बाईने अनामत ठेवून घेतली.
शार्दूल म्हणाला, बरंच झालं,
नाहीतरी माझी परीक्षा, तुझं बढतीचं वर्ष.

डंडीत जूनला रात्र धड होत नाही,
दिवस संपत नाही.
नाइट करून आलेला तो, एकाच खोलीत
मी, खिडकी, लॅपटॉप, उजेड.
शेवटी बॅगेतून आईने दिलेला अंतरपाट काढला,
कपड्यांच्या दोरीवर मधोमध टाकला,
चिमटे लावले.

आता पलीकडे तो घोरतो.
अलीकडे मी बॉस्टनला होकार लिहिते,
खोडते.
माझ्या बाजूचं स्वस्तिक उन्हाने फिकटलंय,
त्याच्या बाजूचं पाहिलेलं नाही.

सावधान म्हणायला कुणी नाही.
मधूनच पलीकडून आवाज येतो,
"दूध आहे का गं?"
"आहे," मी म्हणते,
फ्रिज न उघडताच.