रविवारी, पुलावर

मेल्चोरा आली तेव्हा आम्ही
शनिवारच्या नाचाचं पोस्टर छापत होतो.
वानकायोच्या बसस्टँडमागे आमचा छापखाना:
एक खोली, चार चौकटी,
आणि दोऱ्यांवर ओले कागद, इतके खाली
की वाकल्याशिवाय कुणाला आत येता येत नाही,
बँडवाल्याला नाही, नगरपालिकेच्या साहेबालाही नाही.

तीही वाकून आली.
पाठीवरच्या झोळीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.
मला वाटलं, मक्याची दारू.
"नदी आहे," ती म्हणाली.

मग वकिलाचे सात कागद निघाले.
शिसं किती, आर्सेनिक किती,
कुठल्या कलमाचं कुठलं पोटकलम.
"हे सगळं घ्या. एकही ओळ गाळायची नाही."

एलेउतेरियो उस्तादांनी सातही कागद वाचले,
ओठ हलवत, बोट फिरवत, कोकाचा काढा निवेपर्यंत.
मग विचारलं,
"तुमच्या पुलावरून बस कशी जाते?"
"सुसाट. उतार आहे."
"मग तीन शब्द. चौथा
पुढच्या गावात जाऊन वाचतील."

"तीन शब्दांत माझा वील्मर बसत नाही."

(वील्मर नऊ वर्षांचा. आकडे शिकतो आणि विसरतो.)

उस्तादांनी पातं खाली ठेवलं.
"नाही बसत.
पण बसमधला माणूस उतरला तर त्याला तू सांगशील.
सात कागद आहेत तुझ्याकडे."

रात्रभर अक्षरं कापली.
आधी गुलाबी, मग पिवळा, काळं सगळ्यात शेवटी;
काळं भिडल्याशिवाय गुलाबी पेटत नाही
हे मी बोलणी खाऊन शिकले आहे.
पहाटे दोरीवर वाचलं:
यानामायू. रविवारी. पुलावर.
नदीचं नाव कागदभर, एखाद्या गायिकेचं असावं तसं,
आणि पायाशी बारीक: प्रवेश मोफत. रिकामी बाटली आणा.

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले.
उस्ताद खळ ढवळत राहिले.

रविवारी लोक नाचायला आले.
इस्त्रीचे शर्ट, लाल बूट,
एक पोरगा खांद्यावर स्पीकर घेऊन,
बिअरवाली आठ खोकी घेऊन.
पुलावर नुसती मेल्चोरा, दोरी, बादली.
काहींनी शिव्या दिल्या. एकानं बसभाडं मागितलं;
तिनं अर्धं दिलं.
बाकीचे थांबले. का थांबले
ते मला अजून सांगता येत नाही.
ती बादली ओढायची, बाटली भरायची, हातात द्यायची,
आणि पहिल्या कागदापासून सुरू करायची.
लाल बूटवालीनं बाटली उजेडात धरली
आणि मग बराच वेळ
ती खाली ठेवायला जागा शोधत राहिली.

तीन महिन्यांनी कंपनीचं पोस्टर लागलं.
तोच गुलाबी, तोच पिवळा, आमचंच वळण,
कॉम्प्युटरवर काढलेलं, कुठेही पातं न घसरलेलं:
यानामायू, आपली माय.
उस्ताद त्यापुढे उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून.
"एमचा पाय लंगडा आहे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मेल्चोरा आली, वाकून. झोळी उघडली नाही.
"आता?"
उस्तादांनी नखातला गुलाबी खरवडला.
"आता काळ्यावर काळं. नुसतं तिचं नाव.
नाकाला कागद लागेपर्यंत दिसू नये असं."
"आणि बस?" मी विचारलं.
"बस," ते म्हणाले,
आणि पुढे काही बोललेच नाहीत.

यानामायू म्हणजे काळी नदी.
म्हातारे सांगतात, तळाच्या काळ्या दगडांवरून पडलेलं नाव;
तळ दिसायचा तेव्हाचं.
मी रंग घोटायला घेतला.
दोन डबे.
एक जरा चकचकीत, एक मंद.