गलबत

सित्र्याला ऑगस्टात हवा ओल्या गोणपाटासारखी व्हायची,
तेव्हाच ते स्टेशन लागायचं.
कुठल्या किनाऱ्याचं, कधी कळलं नाही.
दमट हवेवरून लाटा घसरत येतात, तोडणकर म्हणायचा.
तो इलेक्ट्रिशियन, म्हणजे वाद घालायची सोय नाही.
गच्चीवर त्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा अँटेना बांधला,
आणि खाली, सहा खाटांच्या खोलीत,
पडद्यावरच्या मुंग्यांतून वाट काढत
ते जहाज यायचं.

नाव वाचता येईल इतकं चित्र कधी ठरलंच नाही.
आम्ही त्या मालिकेला गलबत म्हणायचो.
इंग्रजी अर्धं कळायचं, खालची अरबी परकार वाचून दाखवायचा.
परकार दाभोळचा. शिडाशिवाय हे चालतं कसं
यात पहिला महिना गेला.

मग तो भाग आला.
गलबत इतकं लांब पोचलंय
की उजेडालाही घरी यायला अकरा वर्षं लागावीत.
हे कप्तानानेच सांगितलेलं, मागच्या भागात, बोट वर करून.
आणि आता तोच कप्तान यंत्रापुढे बसून
मुलीला विचारतो, जेवलीस का? शाळेत जातेस ना?
आणि ती लगेच, तिथल्या तिथे, हो म्हणते.

डाबरे खाटेवरून उठलाच.
बावीस वर्षं! अकरा जायला, अकरा यायला!
अरे, मला वसईहून उत्तर यायला महिना लागतो!

तोडणकर म्हणाला, मधे रिपीटर असतील.
मी म्हणालो, लिहिणारा विसरला असेल.
तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही पुन्हा भातात मीठ राहिलंय.

परकार बनियनला चष्मा पुसत होता.
उत्तरं तिने अकरा वर्षांपूर्वीच धाडलीत, तो म्हणाला.
बाप काय विचारणार हे पोरीला ठाऊक नसतं?
जेवलीस का, शाळा, आईचं ऐक.
माझी नाझिमा कॅसेटमध्ये बरोब्बर जागा सोडते.
मी इथे विचारतो, ती तिथून हो म्हणते.
म्हणून तर हिचा आवाज अजून एवढासा आहे.

डाबरे बोटं मोजत बसला. हिशेब जुळत होता.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली,
बाबा, तुम्हाला खोकला झालाय.

आता सांग! डाबरे ओरडला. हे कसं कळलं तिला? सांग आता!
आणि नेमका तेव्हाच शमाल सुटला,
कोरडा, वाळूने भरलेला.
मेल्याने हवा पुसून लख्ख केली
आणि गलबत मुंग्यांत बुडालं.

दुसऱ्या दिवशी पंपहाउसात, मशीनच्या वर आवाज काढून
परकार म्हणाला, परमुलखातला बाप खोकतोच.
पोरीने अंदाज बांधला.
डाबरेने त्याच्याशी चार दिवस बोलणं टाकलं.

बत्तीस वर्षं झाली.
डाबरे वसईच्या मातीत गेला.
इस्पितळातून त्याचा शेवटचा निरोप:
रिपीटर नाही, तोडणकरला सांग.
तोडणकरचा पत्ता माझ्याकडे नव्हता.

गेल्या आठवड्यात भाच्याने सगळे भाग पाठवले,
स्वच्छ, एकही मुंगी नाही. नावही कळलं,
ते मी इथे लिहीत नाही.
तो भाग पाहिला. खुलासा काही नाही.
ती खोकल्याचं म्हणते, कप्तान दिवा मालवतो, संपलं.

दाभोळला फोन लावला. परकारला आता एकाच कानाने ऐकू येतं.
काही नाही रे त्यात, मी ओरडून सांगितलं,
लिहिणारा विसरला.
तो थांबला. मग म्हणाला,
आधी तो खोकतो, की आधी ती म्हणते?

फोन कानाला तसाच धरून मी मागे नेलं.
पुन्हा मागे नेलं.
आधी ती म्हणते.
मग तो खोकतो.

चूक असणार घेणाऱ्याची, मी म्हणालो.
असणार, परकार म्हणाला.
जेवलास का?

हो, मी म्हणालो, लगेच.
भात अजून चुलीवर होता.