तिसरी खाच

शृंगारतळीच्या नाक्यावर, चिऱ्यांचे ट्रक वळतात तिथे
इम्तियाज बुरोंडकर गाडी मेन स्टँडवर चढवतो.
मागचं चाक लोंबतं, जमिनीपासून चार बोटं वर.
शिंप्याची टेप आसाला लावून
सीटखालच्या नटापर्यंत ताणतो.
"चोपन्न."
खडूने पेट्रोलच्या टाकीवरच लिहितो.

मग गाडी चाकांवर. साडेत्रेपन्न.
मी बसतो. त्रेपन्न.
"मागे कोण असतं?"
"बापूस."
"किलो?"

आता याला कुठलं वजन सांगू.
मंगळवारी सकाळी एकसष्ट,
मंगळवारी दुपारी अठ्ठावन्न.
मधले तीन किलो चिपळूणचं मशीन घेतं,
चार तासांत, थेंब थेंब.
शुक्रवारपर्यंत ते पुन्हा पायांवर येतात,
घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो.

बापूस टपरीच्या बाकड्यावरून उठतो.
"मलाच बसव की. विचारतोस काय."
डावा हात जपून धरलेला;
त्या मनगटावर कान ठेवला
तर खाडीपल्याड कुणाचं तरी इंजिन चालू असतं.
त्या हाताने काही पकडायचं नाही,
म्हणून तो माझा पट्टा उजव्याने धरतो,
वेलदूर ते चिपळूण.

"बावन्नच्या वर," इम्तियाज म्हणतो, "दोघं बसून.
ही बसतच नाय. स्प्रिंग कितीवर ठेवलीस?"
पाचवर. शेवटची खाच.
तेव्हा मागे दोन टप असायचे, सुरमई आणि बर्फ,
नव्वद किलो तरी,
आणि ते गेले तरी पाना मी हातात घेतला नव्हता.
"अरे, माणूस नेतोस का बर्फ?"

मी काही बोललो नाही.
मार्गताम्हाण्याच्या अलीकडे, गणपतीपुरती लिंपलेली खडी
आता उखडलीय. तिथे दर खड्ड्याला
पाठीमागून एक 'हं' यायचा, आवंढ्यासारखा,
आणि मला वाटायचं, म्हातारा खोकतोय.

हुकाचा पाना. कट्. पाचवरून चार.
कट्. तीन.
"दुसऱ्या बाजूलापण तीनच. नायतर
कुर्लीसारखी चालेल."
मग सीटवर तळवा दाबून सोडतो:
एकदा वर आली, थांबली.
"तेल शाबूत आहे. दुसऱ्यांदा नाचली असती तर
पैसे मागितले असते."

पुन्हा टेप. एक्कावन्न.
बापूस खालीवर हलून बघतो.
तीस वर्षांचा तांडेल, त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणतो,
"रिकामी होडी लाटेवर आपटते.
आम्ही नीरम टाकायचो, दगडांचं.
थोडी पाण्यात बसली पायजे."

पाना इम्तियाजने मलाच दिला. परत आण म्हणाला.
आणला नाही.

आता दवाखान्याच्या पार्किंगमध्ये
मी गुडघ्यावर बसतो,
दोन्ही बाजू एकेक खाच खाली, परतीसाठी.
वॉचमनने एकदा कॉलर धरली होती चोर म्हणून.
बापूस म्हणतो, तीन किलोने काय फरक पडतो.
पडत नसेल.
पण उतारावर त्याचं डोकं माझ्या पाठीला टेकतं
आणि झोपेतही उजवा हात पट्टा सोडत नाही.

मार्गशीर्षात पुन्हा मोजलं, घरच्या अंगणात,
बहिणीने टेप धरली.
तिसऱ्या खाचेवर दोघं बसून साडेएक्कावन्न.
टेप सरळ धर म्हणालो तिला.
सरळच आहे, म्हणाली.

हल्ली जातानाही दुसरी लावतो.
येताना पहिली.
तिला गंज होता, कधी वापरलीच नव्हती;
रॉकेल लावून, घासून
फिरती केली.