बुद्धी शाबूत असताना

बुशहरच्या वखारीत, बादगिराखालच्या खोलीत,
एका दिवसात मी चौदा मृत्युपत्रं लिहिली.
कलम कागदापर्यंत पोचेतो शाई वाळायची.
मग गुलाबपाणी घालून ती पातळ केली,
म्हणून त्या मरणांना अजून वास येतो
लग्नाच्या पंगतीचा.

मजकूर सगळ्यांचा एकच, साहेबांनी दिलेला:
देवाच्या नावे, आमेन. मी अमुक, खलाशी,
शरीराने धड, बुद्धीने शाबूत,
समुद्राचे धोके ध्यानी घेऊन...
पुढे जागा कोरी.
तेवढ्या जागेत माणूस बसवायचा.

टॉमस पेंगेली बसला. गोलंदाज, उजव्या हाताला तीन बोटं.
पगार, लुटीचा हिस्सा, पितळी बटणांचा कोट,
सगळं प्लिमथच्या एका खाणावळवालीला.
बायको का, मी विचारलं.
उधारी, म्हणाला,
आणि फुली मारली.

फ्रेंचांचं गलबत बसऱ्याहून निघायचं होतं,
तांबं, मोती, रेशमाचे गठ्ठे.
अजून कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं,
पण त्याचे वाटे पडले होते.
कप्तानाला सोळा. सुताराला तीन. पेंगेलीला एक.
देशी खलाशांना पाव.

हे सगळं राजाच्या मोहरेनं, सनदेनं.
आमच्या किनाऱ्यावरच्या कुणी असं गलबत अडवलं
की साहेब त्याला चाचा म्हणत.
धंदा तोच, वर कागद.
कागद माझ्या हातचा, मी काय बोलू?

दिवेलागणीला भिवा गाबीत आला, आचऱ्याचा.
त्याच्यासाठी नमुना नव्हता. मी मोडीत लिहायला घेतलं.
बुद्धी शाबूत का रे, भिवा?
"ती आसती तर हंय कित्याक येतंय?"

रामेश्वराला तेल, एक शेर.
मेव्हण्याला जाळं, नवं, फाटकं नव्हे.
सारंगाचे साडेतीन रुपये देणे आहे. देऊ नये.
उरेल ते बहिणीच्या पोरीला.
नाव? तो थांबला. निघालो तेव्हा बारसं झालं नव्हतं.
लिवा, डाव्या गालार तीळ.
खाली त्यानं मासा काढला, खवल्यांसकट,
आणि शेवटी, जीभ दातांत धरून, डोळा.

मग म्हणाला, पैसे कधी?
मुंबईच्या कोर्टात निकाल लागला की.
दोन वर्षं. पाच.
आज कोण देतो?

मी दिले. नऊ रुपये.
ही रीतच होती, सगळे मुन्शी करत,
मी तर दोन रुपये जास्तीच दिले.
विक्रीखत त्याच बैठकीत, त्याच शाईत.
खाली तोच मासा,
घाईतला, बिनडोळ्याचा.

गलबत सापडलं. खार्गच्या बेटाजवळ, शमाल वारा सुटला असताना.
पेंगेली वाचला, आणि ते पैसे बसऱ्यातच प्यायला.
भिवा तापानं गेला, लढाईनंतर नवव्या दिवशी,
एकही तोफ त्याच्या बाजूला उडाली नव्हती.
सहा वर्षांनी हिस्सा आला.
पाव वाट्याचे एकशे बेचाळीस रुपये.
मी ते मोजले, दोनदा. मग या घराला बादगीर बांधला.
वारा चांगला येतो.

आता माझी पाळी.
मुन्शी नवा आहे, काझरूनचा पोरगा, त्याचं अक्षर गोल.
तो तोच मजकूर वाचतो.
शरीराने धड. खोड, म्हणतो मी.
बुद्धीने शाबूत. तेही.
समुद्राचे धोके राहू दे.
आणि लिही, एकशे बेचाळीस, व्याजासह,
आचऱ्यात, डाव्या गालावर तीळ असलेल्या...
पोरगा वर बघतो. मुलगी? बाई? आजी?
मला ठाऊक नाही. असेल तर.

तो गेल्यावर पेटीतून जुनं विक्रीखत काढतो.
मासा तसाच, कोऱ्या डोक्याचा.
कलम बुडवतो, एक ठिपका, एवढंच तर हवं.
बाहेर गोडं पाणी विकणारा गाढवाला शिव्या देत जातो.
हात तिथवर पोचेतो
शाई वाळते.